सायकलस्वाराच्या शक्तीचे मापन : साधन, सूत्र आणि पुरावा

१

शर्यतीची किंवा दीर्घ पल्ल्याच्या प्रवासाची तयारी करणाऱ्या सायकलस्वारापुढे आज दोन निवडी असतात. पायांकडून सायकलीला प्रत्यक्ष किती शक्ती मिळते हे दाखविणारा शक्तिमापक कोणता घ्यावा, ही पहिली. आणि त्या मापकाने नोंदविलेल्या आकड्यांची मांडणी करून सरावाचे प्रमाण ठरविणारी संगणकाची आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर, कोणती वापरावी, ही दुसरी. वरवर पाहता हे दोन्ही प्रश्न बाजारातील आहेत. किंमत, वजन आणि उत्पादकाने दिलेली अचूकतेची ग्वाही एवढ्यावर त्यांचा निकाल लागावा, असे वाटते. परंतु या साधनांचा पूर्वेतिहास पाहिला म्हणजे ध्यानात येते की, प्रत्येक मापकात मानवी शरीराविषयी व यंत्राविषयी काही गृहीते बांधून टाकलेली आहेत, आणि प्रत्येक आज्ञावलीत सरावाविषयीचा एखादा सिद्धांत अंतर्भूत झालेला आहे. साधन निवडणारा मनुष्य नकळत ती गृहीते व तो सिद्धांतही पत्करीत असतो.

इतिहासाच्या अभ्यासकाला या विषयात रस वाटण्याचे आणखी एक कारण आहे. गेल्या तीन-चार दशकांत सायकलस्वारांच्या परिश्रमाच्या नोंदी प्रचंड प्रमाणात साठल्या असून क्रीडेचा इतिहास लिहिणाऱ्यास त्या पुराव्यादाखल हाताळाव्या लागतील. ताम्रपट किंवा बखर हाती आली असता ती कोणी, कोठे, कोणत्या हेतूने लिहिली हे विचारल्यावाचून तिच्यातील विधान स्वीकारले जात नाही. आकडा मात्र यंत्रातून आला एवढ्यावरून निर्विवाद मानला जातो. शक्तिमापनाच्या इतिहासावरून हा विश्वास कितपत सार्थ आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

२

शक्तीची कल्पना सायकलीहून जुनी आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जेम्स वॅट याने आपल्या वाफेच्या यंत्राची तुलना घोड्याशी करण्यासाठी अश्वशक्तीचे माप रूढ केले व ते मिनिटास ३३,००० फूट-पौंड असे ठरविले. पुढे १८८२ मध्ये सी. विल्यम सीमेन्स याने ब्रिटिश असोसिएशनपुढे शक्तीच्या एककास वॅटचे नाव द्यावे अशी सूचना केली. एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॅट. आज सायकलस्वार ज्या वॅटमध्ये आपले सामर्थ्य सांगतो तो वॅट असा यंत्राकडून माणसाकडे आलेला आहे.

पायंडलावर पडणारे बल नोंदविण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच सुरू झाले होते. १८८९ मध्ये रॉबर्ट स्कॉट याने यासाठी एक नोंदयंत्र वर्णिले, आणि १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्चिबाल्ड शार्प याच्या सायकलविषयक ग्रंथात त्याची चर्चा आढळते. तथापि मापनाचा मुख्य प्रवाह पुढे रस्त्यावरून प्रयोगशाळेत वळला. १९१३ मध्ये कोपनहेगन येथे ऑगस्ट क्रोग याने विद्युत्-चुंबकीय रोधक असलेली स्थिर सायकल तयार केली. त्याच वर्षी अमेरिकेतील कार्नेगी इन्स्टिट्यूशनने बेनेडिक्ट व कॅथकार्ट यांचे स्नायूंच्या कार्यावरील संशोधन प्रसिद्ध केले. त्यात मानवी शरीराकडे एक यंत्र म्हणून पाहून त्याची कार्यक्षमता मोजलेली होती. अन्नातून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी साधारणतः चौथा-पाचवा हिस्साच पायंडलावर कार्यरूपाने उतरतो व उरलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने जाते, ही गोष्ट अशा प्रयोगांनी पक्की झाली. १९५४ मध्ये स्वीडनमधील फॉन डोबेल्न याने घर्षणपट्टा व लोलकाचा तराजू यांवर चालणारी साधी स्थिर सायकल सुचविली, आणि हे साधन शरीरविज्ञानाच्या प्रयोगशाळांत सर्वत्र पोहोचले.

या सर्व यंत्रांचा एक समान गुण होता. त्यांची पडताळणी उघड होती. ज्ञात वजन टांगावे, यंत्राचा काटा कोठे थांबतो ते पाहावे आणि चूक असल्यास दुरुस्त करावी, एवढा सरळ तो व्यवहार होता. दोषही समान होता. स्थिर सायकलीला वारा लागत नाही, चढ लागत नाही आणि प्रतिस्पर्धीही नसतो.

याच काळात आजच्या आज्ञावल्यांचा सैद्धांतिक पायाही घातला गेला. माणूस किती शक्ती लावू शकतो हे ती किती वेळ टिकवावयाची यावर अवलंबून असते. ए. व्ही. हिल याने १९२५ मध्ये क्रीडाविक्रमांच्या आधारे वेग व काल यांचे वक्र मांडून या संबंधाकडे लक्ष वेधले होते. १९६५ मध्ये मोनो व शेरर या फ्रेंच संशोधकांनी एखादा स्नायुसमूह थकेपर्यंत करू शकणारे एकूण कार्य आणि त्यास लागणारा काल यांत सरळरेषीय संबंध असल्याचे दाखविले व त्या रेषेच्या उतारास ‘क्रांतिक शक्ती’ हे नाव दिले. १९८१ मध्ये मोरितानी व त्याच्या सहकाऱ्यांनी ही कल्पना सायकल चालविणाऱ्या संपूर्ण शरीरास लागू केली. रस्त्यावरील शक्तिमापक बाजारात येण्यापूर्वीच त्याच्या आकड्यांचा अर्थ लावणारी चौकट तयार होती, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

३

प्रयोगशाळेच्या बाहेर मात्र स्वाराजवळ दोनच खुणा होत्या : वेग आणि हृदयाचे ठोके. दोन्ही अपुऱ्या होत्या, आणि त्या कशा अपुऱ्या होत्या हे तासाच्या विक्रमाच्या कथेवरून स्पष्ट होते.

१९७२ मध्ये बेल्जियमच्या एडी मर्क्सने मेक्सिको सिटी येथे एका तासात ४९.४३१ किलोमीटर अंतर तोडले. १९८४ च्या जानेवारीत त्याच शहरात इटलीच्या फ्रान्सेस्को मोझेरने हा विक्रम दोनदा मोडून तो अखेरीस ५१.१५१ किलोमीटरवर नेला. दोन्ही प्रयत्न सुमारे २,२०० मीटर उंचीवरील विरळ हवेत झाले होते. परंतु मोझेरच्या सायकलीला भरीव तबकडीची चाके होती आणि तिची रचनाही वेगळी होती. अंतरातील वाढ साडेतीन टक्क्यांच्या आसपास आहे. हवेचा विरोध भेदण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे, इतर सर्व गोष्टी समान असत्या तर मोझेरला सुमारे अकरा टक्के अधिक शक्ती लावावी लागली असती. उलट, हवेचा विरोध दहा टक्क्यांनी कमी झाला असता तर तेवढ्याच शक्तीत हा वेग साधला असता. या दोहोंपैकी खरे कोणते, पायांचा वाटा किती व चाकांचा किती, हे अंतराच्या आकड्यावरून सांगता येत नाही.

या अडचणीतून आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने २००० मध्ये नियमांच्या द्वारे वाट काढण्याचा प्रयत्न केला. तासाचा विक्रम मर्क्सने वापरली त्या धर्तीच्या सायकलीवरच नोंदवावा असे तिने ठरविले व मधल्या काळातील विक्रमांना ‘सर्वोत्तम मानवी प्रयत्न’ अशा वेगळ्या वर्गात ठेवले. त्याच वर्षी ख्रिस बोर्डमनने मँचेस्टर येथे ४९.४४१ किलोमीटर अंतर काटून मर्क्सला अवघ्या दहा मीटरांनी मागे टाकले. २०१४ मध्ये ही विभागणी रद्द करण्यात आली. माणसाचे सामर्थ्य थेट मोजता येत नसेल तर यंत्र गोठवून तुलना साधावी, असा हा खटाटोप होता.

हृदयाच्या ठोक्यांची कथा याहून निराळी. १९८२ मध्ये फिनलंडच्या पोलर या कंपनीने बिनतारी हृदयगतिमापक बाजारात आणला. त्याच वर्षी इटलीतील कोंकोनी व त्याच्या सहकाऱ्यांनी वेग वाढवीत जाऊन हृदयगतीच्या वक्रातील वळण शोधण्याची चाचणी प्रसिद्ध केली. सरावाला यामुळे प्रथमच शरीराच्या आतील एक सूचक मिळाला. परंतु हृदयगती हा परिश्रमास शरीराने दिलेला प्रतिसाद आहे. तो स्वतः परिश्रम नव्हे. चढाला जोर लावल्यावर ठोके वाढण्यास काही अवधी लागतो. उन्हाळा, तहान, अपुरी झोप, शर्यतीपूर्वीची धास्ती या सर्वांनी ते बदलतात. तेच काम दोन दिवशी दोन वेगळे आकडे देते. शरीराची अवस्था जाणण्यास हा फरक उपयुक्त असला, तरी किती काम झाले हे त्यावरून ठरविता येत नाही.

४

रस्त्यावर शक्ती मोजण्याची वाट ज्या शोधांनी मोकळी झाली ते सायकलीशी संबंध नसलेल्या क्षेत्रांतील होते. धातूची तार ताणली असता तिचा विद्युत्-रोध बदलतो, हे विल्यम थॉमसन याने, म्हणजे पुढे लॉर्ड केल्व्हिन या नावाने प्रसिद्ध झालेल्या शास्त्रज्ञाने, १८५६ मध्ये दाखविले होते. असा सूक्ष्म बदल ओळखण्यास उपयोगी पडणारी विद्युत्-सेतूची योजना १८३३ मध्ये क्रिस्टी याने शोधली व १८४३ मध्ये व्हीटस्टन याने प्रसिद्धीस आणली. या दोहोंच्या संयोगातून १९३८ च्या सुमारास अमेरिकेत सिमन्स व रूज यांनी, परस्परांपासून स्वतंत्रपणे, चिकटविता येणारा विकृतिमापक सिद्ध केला. ताण पडला असता घन पदार्थाच्या आकारात जो अल्पसा बदल होतो त्यास विकृती म्हणतात. तो मोजणारी ही पट्टी विमाने व पूल यांच्या चाचणीत प्रचारात आली.

१९८६ मध्ये जर्मनीतील अभियंता उलरिख शोबेरर याने या पट्ट्या सायकलीच्या क्रँकवर आणल्या. क्रँक व पुढील दंतचक्र यांना जोडणारा जो भाग असतो त्यावर त्या चिकटविलेल्या होत्या. स्वाराने पायंडल दाबले की तो भाग अतिशय सूक्ष्म प्रमाणात वाकतो. त्या वाकण्यावरून परिबल, म्हणजे आसाभोवती फिरविण्याचा बलाचा जोर, काढता येते. आणि परिबलास क्रँकच्या कोनीय वेगाने गुणले की शक्ती मिळते. क्रँक मिनिटास ९० फेरे घेत असून सरासरी परिबल २६.५ न्यूटन-मीटर असेल, तर शक्ती जवळजवळ २५० वॅट होते. एसआरएम या नावाने ओळखल्या गेलेल्या या यंत्राच्या आरंभीच्या वापरकर्त्यांत अमेरिकेचा ग्रेग लेमाँड याचा समावेश होतो. आरंभी किंमत मोठी असल्याने ते व्यावसायिक संघ व संशोधनसंस्था यांच्यापुरतेच राहिले.

येथेही पडताळणी शक्य होती, आणि या यंत्राचे ऐतिहासिक महत्त्व काही अंशी त्यातच आहे. १७० मिलिमीटर लांबीचा क्रँक आडवा धरून त्याच्या टोकाला २० किलोग्रॅमचे वजन टांगले, तर परिबल सुमारे ३३.४ न्यूटन-मीटर आले पाहिजे. ते तसे आले नाही तर गुणक दुरुस्त करावयाचा. शिवाय धातू व पट्टी यांवर तापमानाचा परिणाम होत असल्यामुळे काहीही भार नसताना दिसणारी शून्यस्थिती प्रत्येक फेरीपूर्वी तपासावी लागते. सकाळच्या गारव्यात निघालेला स्वार दुपारी उन्हात आला, तर यंत्र आपोआप भरपाई करणारे नसल्यास आकडा सरकतो. प्रयोगशाळेतील वजन टांगण्याचा जुना शिरस्ता असा रस्त्यापर्यंत येऊन पोहोचला. तो पाळावा की नाही हे मात्र आता स्वारावर सोपविले गेले.

५

यानंतरच्या पंचवीस-तीस वर्षांत मापकाची जागा सायकलीवर सर्वत्र फिरली. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस आलेल्या पॉवरटॅपने ती मागील चाकाच्या तुंब्यात नेली. २००१ च्या सुमारास पोलरने साखळीच्या कंपनावरून तिचा ताण काढण्याची पद्धत वापरली. २०१२ मध्ये स्टेजेस या कंपनीने फक्त डाव्या क्रँकवर पट्ट्या बसवून किंमत पुष्कळच खाली आणली, आणि २०१३ मध्ये गार्मिनचा मापक थेट पायंडलात बसला. बिनतारी संदेशवहनाचे सामाईक संकेत रूढ झाल्याने एका कंपनीचा मापक व दुसऱ्या कंपनीचा दर्शक यांचा मेळ बसू लागला.

हे स्थलांतर केवळ सोयीचे नव्हते. मापक जेथे बसतो तेथली शक्ती तो मोजतो, आणि सायकलीवर सर्व ठिकाणी शक्ती एकच नसते. १९९८ मध्ये मार्टिन व त्याच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावरील सायकलीचे गणिती प्रतिमान प्रसिद्ध केले, त्यात क्रँकपासून मागील चाकापर्यंत सुमारे ९७.७ टक्के शक्ती पोहोचते असे आढळले. म्हणजे क्रँकवर २५० वॅट दाखविणारा स्वार तुंब्यावर सुमारे २४४ वॅट दाखवील. दोन्ही यंत्रे खरे सांगत असूनही त्यांची विधाने जुळणार नाहीत. साखळी मळलेली असेल तर ही तफावत आणखी वाढेल.

एका बाजूच्या मापकाची गोष्ट याहून नाजूक आहे. तो डाव्या पायाची शक्ती मोजून तिची दुप्पट करतो. दोन्ही पाय समान काम करतात असे येथे गृहीत धरलेले आहे. समजा, एखाद्या स्वाराच्या २५० वॅटपैकी ५२ टक्के, म्हणजे १३० वॅट, डाव्या पायाचे आहेत. मापक २६० वॅट दाखवील. ही चार टक्क्यांची चूक नेहमी तेवढीच राहिली तर तिचा त्रास थोडा. परंतु थकव्याने किंवा दुखापतीने दोन पायांतील वाटणी बदलली, तर सामर्थ्य वाढले की वाटणी बदलली हे त्या आकड्यावरून ओळखता येत नाही.

तिसरे गृहीत कोनीय वेगाविषयीचे. काही मापक एका संपूर्ण फेऱ्याचा सरासरी वेग घेतात. दंतचक्र वर्तुळाकार असेपर्यंत ते चालते. अंडाकृती दंतचक्रावर मात्र एका फेऱ्यातच क्रँकचा वेग कमी-अधिक होतो. जेथे जोर अधिक तेथे वेग कमी असल्याने दोन सरासऱ्यांचा गुणाकार खऱ्या शक्तीहून मोठा येतो. २०१५ च्या टूर द फ्रान्समध्ये या तांत्रिक तपशिलास अकस्मात सार्वजनिक महत्त्व आले. १४ जुलै रोजी ला पिएर-सँ-मार्ताँच्या चढावर ख्रिस फ्रूमने मिळविलेल्या विजयानंतर त्याच्या शक्तीविषयी शंका घेण्यात आल्या. फ्रेंच दूरचित्रवाणीवर ती प्रतिकिलो ७.०४ वॅट असल्याचा अंदाज सांगितला गेला. आठवड्याभराने त्याच्या संघाने मापकाची नोंद जाहीर केली : सरासरी ४१४ वॅट. परंतु अंडाकृती दंतचक्रामुळे हा आकडा सुमारे सहा टक्क्यांनी वाढलेला आहे असे सांगून, ती वजावट करून प्रतिकिलो ५.७८ वॅट असा निष्कर्ष संघाने मांडला. येथे तीन विधाने एकाच चढाविषयी आहेत : चढाची उंची व वेळ यांवरून बाहेरून बांधलेला अंदाज, यंत्राने दिलेली नोंद, आणि त्या नोंदीवर नोंद बाळगणाऱ्यानेच केलेली दुरुस्ती. एका माणसाच्या सचोटीचा निवाडा लोक ज्या पुराव्यावर करू पाहत होते, त्या पुराव्याचे स्वरूप असे स्तरयुक्त होते.

उत्पादक आपल्या मापकाची अचूकता बहुधा एक ते दोन टक्क्यांच्या आत असल्याचे सांगतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मायर व त्याच्या सहकाऱ्यांनी उच्च दर्जाच्या स्वारांच्या प्रत्यक्ष वापरातील, नऊ उत्पादकांचे ५४ मापक चालत्या पट्ट्यावर गणिती प्रतिमानाशी ताडून पाहिले. सरासरी विचलन उणे ०.९ टक्का, म्हणजे अल्पच निघाले. परंतु त्याचा प्रसार ३.२ टक्के होता आणि सहा मापक पाच टक्क्यांहून अधिक चुकत होते. समूह म्हणून ही साधने विश्वसनीय आहेत; एखाद्या विशिष्ट साधनाविषयी मात्र असे आगाऊ म्हणता येत नाही. कसलेल्या स्वाराची वर्षभरातील प्रगतीही दोन-तीन टक्क्यांचीच असू शकते, हे ध्यानात घेतले म्हणजे या प्रश्नाचे गांभीर्य कळते.

६

मापक दर सेकंदास एक आकडा नोंदवितो. तीन तासांच्या फेरीत असे १०,८०० आकडे जमतात. त्यांतून अर्थ काढण्याचे काम आज्ञावलीचे.

साधी सरासरी येथे अपुरी पडते. एका स्वाराने तासभर स्थिर २०० वॅट लावले व दुसऱ्याने अर्धा तास ३०० व अर्धा तास १०० वॅट लावले, तर दोघांची सरासरी एकच. परंतु दुसरा अधिक थकतो हे अनुभवाने सर्वांस ठाऊक आहे. यासाठी अमेरिकेतील शरीरविज्ञानज्ञ अँड्र्यू कॉगन याने समतुल्य शक्तीची, म्हणजे ‘नॉर्मलाइज्ड पॉवर’ची, रीत बसविली. तीस-तीस सेकंदांची सरकती सरासरी घ्यावयाची, तिचा चतुर्थ घात करावयाचा, त्यांची सरासरी काढून पुन्हा चतुर्थ मूळ घ्यावयाचे. वरील उदाहरणात पहिल्याची समतुल्य शक्ती २०० वॅट येते व दुसऱ्याची सुमारे २५३. स्वार साधारण तासभर टिकवू शकेल अशा शक्तीस उंबरठा-शक्ती म्हणावयाचे. समतुल्य शक्तीस तिने भागले की तीव्रता मिळते. तीव्रतेचा वर्ग, तासांची संख्या व शंभर यांचा गुणाकार म्हणजे त्या दिवसाचा भारांक. उंबरठा २५० वॅट असेल तर पहिल्या स्वाराचा भारांक ६४ व दुसऱ्याचा सुमारे १०२ होतो.

हे दैनंदिन भारांक कालक्रमाने जोडण्याची कल्पना मूळची बॅनिस्टर व त्याच्या सहकाऱ्यांची. १९७५ मध्ये त्यांनी सरावाचे दोन परिणाम कल्पिले : सावकाश वाढून सावकाश ओसरणारी क्षमता आणि चटकन वाढून चटकन ओसरणारा थकवा. आजच्या आज्ञावल्यांत यांसाठी सामान्यतः ४२ व ७ दिवसांचे कालमान घातलेले असते, आणि दोहोंमधील अंतरावरून स्वार ताजा आहे की दमलेला हे सांगितले जाते. हंटर ॲलन व कॉगन यांच्या २००६ मधील ग्रंथाने ही परिभाषा प्रशिक्षकांत सर्वत्र पसरविली.

या सूत्रांचा उपयोग निःसंशय आहे. परंतु त्यांतील अंक निसर्गनियमांसारखे नाहीत. तीस सेकंद, चतुर्थ घात, बेचाळीस दिवस हे निरीक्षणावर बेतलेले व्यवहार्य निर्णय आहेत, आणि ते सर्व स्वारांस सरसकट लागू केले जातात. शिवाय भारांकात उंबरठा वर्गरूपाने येत असल्याने त्यातील चूक दुणावते. वरील पहिल्या स्वाराचा उंबरठा पाच टक्क्यांनी कमी धरला, तर ६४ चा भारांक जवळजवळ ७१ होतो. म्हणजे अकरा टक्क्यांचा फरक पडतो. यावरून मापक व आज्ञावली यांच्या दोन निवडी वस्तुतः एकच आहेत हे स्पष्ट होते. उंबरठा ज्या मापकाने ठरविला त्याच मापकाच्या नोंदींस तो लागू पडतो. चार टक्के अधिक दाखविणारा नवा मापक आणून उंबरठा जुनाच ठेवला, तर आज्ञावली त्या दिवसापासून स्वारास अधिक कष्टाळू ठरवील, आणि त्याच्या अनेक वर्षांच्या इतिहासात प्रत्यक्षात न घडलेली प्रगती नोंदली जाईल.

दुसरा प्रश्न स्वामित्वाचा आहे. १९९९ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या ट्रेनिंगपीक्स या कंपनीने समतुल्य शक्ती, तीव्रता व भारांक यांच्या इंग्रजी नावांवर व्यापारचिन्हाचा हक्क सांगितला आहे. २००६ मध्ये सुरू झालेल्या ‘गोल्डन चीता’ या मुक्तस्रोत आज्ञावलीने त्यामुळे दीर्घकाळ वेगळ्या नावांची व काहीशी वेगळ्या घडणीची मापे वापरली. एकाच फेरीला दोन आज्ञावल्या दोन आकडे देतात याचे कारण पुष्कळदा शरीरविज्ञानात नसून या वेगळेपणात असते. मुक्तस्रोत आज्ञावलीत सूत्र कोणासही वाचता येते व नोंदी स्वाराच्या संगणकावर राहतात. कंपनीच्या सेवेत मांडणी सुबक असते, प्रशिक्षकाशी देवाणघेवाण सुलभ होते, परंतु नोंदींचे दप्तर दुसऱ्याच्या घरी असते. कंपन्या हात बदलतात. क्वार्क हा मापक २०११ मध्ये व पॉवरटॅप २०१९ मध्ये स्रॅम कंपनीकडे गेला. ज्याने आपली मूळ नोंद स्वतःजवळ ठेवली नाही, त्याचा इतिहास दप्तरदाराच्या मर्जीवर राहतो.

७

शक्तिमापनाविरुद्ध एक आक्षेप क्रीडेच्या बाजूनेही घेण्यात आला. आकड्याकडे पाहून चालविलेल्या शर्यतीत साहस उरत नाही, असे मानून टूर द फ्रान्सचे संचालक क्रिस्तियाँ प्रुदोम यांनी २०१८ मध्ये शर्यतीत मापकांवर बंदी असावी, अशी मागणी केली. या आक्षेपात तथ्यांश आहे. तथापि मापक नसतानाही स्वार वेग, हृदयगती किंवा स्वतःचा श्वास यांवरून आपली मर्यादा जोखीतच होते. जो बदल झाला तो असा की, पूर्वी ही जाणीव स्वाराजवळच राहत असे. आता ती नोंदीच्या रूपाने प्रशिक्षक, संघ, कंपनी व प्रेक्षक यांच्या हाती जाते. देहाचे परिश्रम कागदोपत्री आले की त्यांवर इतरांचा अधिकार चालू लागतो, ही प्रक्रिया इतिहासास अपरिचित नाही.

सारांश, सव्वाशे वर्षांच्या या वाटचालीत मापन अधिकाधिक सुलभ होत गेले, परंतु त्यातील गृहीते त्याच प्रमाणात दृष्टीआड गेली. प्रयोगशाळेत वजन डोळ्यांसमोर टांगलेले असे. डाव्या क्रँकमधील दुप्पट करण्याची क्रिया मात्र कोणास दिसत नाही. म्हणून सर्वांत अचूक मापक कोणता, या प्रश्नाहून अधिक उपयोगाचा प्रश्न निराळा आहे. ज्याची चूक तपासता येते व जी चूक वर्षानुवर्षे सारखीच राहते असा मापक कोणता, हे पाहिले पाहिजे. ज्ञात वजनाने पडताळता येणारा, तापमानाची भरपाई करणारा, आणि शक्यतो दोन्ही पायांची शक्ती मोजणारा मापक या कसोटीस अधिक उतरतो. द्रव्याच्या मर्यादेमुळे एका बाजूचा घ्यावा लागला तर त्याचे आकडे दुसऱ्या कोणाच्या आकड्यांशी ताडून पाहू नयेत, स्वतःच्या पूर्वीच्या आकड्यांशी ताडावेत, आणि तेही पायांतील वाटणी बदलली असेल ही शक्यता मनात ठेवून. आज्ञावलीच्या बाबतीत जिचे सूत्र वाचता येते व जी मूळ नोंद अबाधित स्वरूपात परत देते ती श्रेयस्कर होय. तिची मांडणी कमी देखणी असली तरी चालेल.

अभ्यासकासही हाच दंडक लागू आहे. पुढील काळात एखाद्या स्वाराच्या नोंदी हाती आल्या असता त्यांतील वॅट वाचण्यापूर्वी मापक कोठे बसविलेला होता, त्याची पडताळणी केव्हा झाली, मध्यंतरी तो बदलला काय, उंबरठा कोणी ठरविला आणि दिसणारा आकडा मूळचा की दुरुस्त केलेला, हे विचारावे लागेल. ज्या नोंदीसोबत या प्रश्नांची उत्तरे जपलेली असतील तीच पुरावा म्हणून उभी राहील. मापक बदलल्याची तारीख वहीत टिपून ठेवणारा स्वार आपल्या सरावाची तर सोय करतोच. आपल्या परिश्रमाचा विश्वसनीय साक्षीदारही तो मागे ठेवतो.